मास्तरांचा दुसरा आवाज

आमच्या कोर्टात पुकारा करणारे पट्टेवाले अनेक आले आणि गेले. परंतु ज्याचा पुकारा ऐकून रस्त्याने जाणारा माणूससुद्धा, आपले तर नाव घेतले नाही ना, म्हणून क्षणभर थबकत असे, असा पट्टेवाला मी एकच पाहिला. मी आवाराबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये टेबल मांडून अर्ज लिहीत असे. माझे शिक्षण आठवीपर्यंतचे. पुढचे मराठी मी निकालपत्रांच्या नकला वाचून कमावले, आणि माझ्या हातचा अर्ज भाषेच्या दोषाने परत आल्याचे आजपर्यंत कोणी दाखवून दिलेले नाही. त्या शेडमध्ये बसून वर्षानुवर्षे मी हा आवाज ऐकला. तो चढताना ताणल्यासारखा वाटत नसे. जिना चढून माणूस गच्चीवर यावा, तसा तो वर येई आणि तिथे निवांत उभा राही.

हाच माणूस सुट्टीच्या दिवशी मास्तरांच्या गायन पार्टीत कोरसला बसत असे.

मास्तर कोण, हे त्या काळी भिवंडीत, निदान आमच्या वस्त्यांत, कोणाला सांगावे लागत नसे. जयंतीचा मंडप असो, विहाराचा वर्धापनदिन असो की दोन पार्ट्यांचा सामना असो, मास्तर येणार म्हटले की शेलार गावापासूनची माणसे सायकलींवर डबलसीट येत. सामना म्हणजे एका मंचावर समोरासमोर दोन पार्ट्या, एकीने गाण्यातून सवाल टाकायचा आणि दुसरीने गाण्यातूनच त्याचा जवाब द्यायचा. मास्तरांचे एक तंत्र होते. गाणे रंगात आले की ते ढोलकीवाल्याकडे पाहून मान हलवत. ढोलकीवाला हातातली ढोलकी बाजूला सारून दुसरी, चढ्या सुरात लावून ठेवलेली ढोलकी पुढे ओढी. मास्तर पेटीवर काळी चार सोडून काळी पाचवर जात, आणि अख्खे गाणे एका पायरीने वर उचलले जाई. ती दुसरी ढोलकी नुसती हलली, तरी मंडपात आरोळी उठे, "चढवा मास्तर, चढवा!"

मात्र एव्हाना मास्तरांचा स्वतःचा गळा काळी पाचवर पोहोचेनासा झाला होता. ओळीचा पहिला तुकडा ते म्हणत. वरचा तुकडा मागे बसलेला आमचा पट्टेवाला म्हणे. मास्तर माईकपुढे तोंड तेवढे उघडे ठेवत. लांब बसलेल्याला दोन आवाज आहेत हे कळत नसे. जवळ बसणाऱ्या आम्हा लोकांना कळत असे, आणि आमच्या वादाचे मूळ तिथेच होते.

वाद घालण्याची जागा ठरलेली होती. धामणकर नाक्याजवळ, रिक्षा लागत त्याच्या मागच्या गल्लीत, एक कॅसेटचे दुकान होते. शुक्रवारी लूमला, म्हणजे यंत्रमागांना, सुट्टी. एरवी त्या गल्लीत दोन्ही बाजूंच्या कारखान्यांची खडखड इतकी असे, की बोलणाऱ्याच्या तोंडाकडे पाहून बोलणे समजून घ्यावे लागे. शुक्रवारी ती थांबली की कानात एक पोकळी तयार होई, आणि आपण जरा मोठ्याने बोललो असे वाटून माणूस दचकून मागे पाही. दोन वर्षांपूर्वीच्या दंगलीत शहराने जे पाहिले होते, त्यानंतर कोणालाच शांतता बरी वाटत नसे. अशा शांततेत, कोर्ट सुटल्यावर, आम्ही तिघे बसत असू. दुकानदार हा मास्तरांचा निस्सीम भक्त. दुसरा लूमवरचा जॉबर, म्हणजे बिघडलेले लूम दुरुस्त करणारा, शेलारचा राहणारा. मास्तरांचा एकही कार्यक्रम चुकवत नसे आणि मास्तरांना शिव्या घातल्याशिवाय चहा पीत नसे. तिसरा मी. माझ्याकडे आपोआपच पंचाचे काम आले होते.

"त्यो मानूस न्हाय, त्यो घान्याला बैल जुंपनारा हाय," जॉबर म्हणे. "मानकोलीच्या नाक्यावर ढोलकीवाल्याला टेम्पोतून उतरवलान, आठवतं? का, तर लय टाळ्या घेतल्यान. ढोलकी घेऊन चालत आला बिचारा."

"आणि त्याच ढोलकीवाल्याची आई गेली तेव्हा सगळा खर्च कोणी केला? बोल ना!" दुकानदार कॅसेट पेन्सिलीने गुंडाळता गुंडाळता म्हणे. "तिथं मास्तरच उभा होता. तुझा मामा नव्हता."

"मेल्यावर उभा ऱ्हातो. जित्याला चालवतो."

"अरे यार, कलाकार आहे तो. कडक असणारच. तुझा शेठ काय तुला मांडीवर घेऊन लूम चालवायला देतो?"

"शेठ माजा आवाज सोताचा म्हनून इकत न्हाय! कॅसेटवर फोटू कोनाचा? तूच छापतोस ना रं?"

दुकानदार यावर हसून माझ्याकडे पाही. "मुन्शी, तुम्ही सांगा. कायद्यानं सांगा."

मी सांगत असे की प्रत्येक बाबीचे दोन भाग पाडावेत. मास्तर साथीदारांना आपल्याआधी जेवू देत नाहीत, मंचावर कोणाचे नाव घेत नाहीत, चुकलेल्याला लोकांसमोर बोलतात. हे भाग सिद्ध आहेत. परंतु त्यांचे साथीदार त्यांना सोडून जात नाहीत, हेही सिद्ध आहे. आणि या दुसऱ्या भागाचा खुलासा पहिल्यातून होत नाही. माझ्या या मांडणीवर दोघेही नाराज होत. त्यावरून ती रास्त असावी, असे मला वाटे.

एका पावसाळ्यानंतर कोर्टातला पुकारा बदलला. मी लिहिता लिहिता थांबलो. नाव पुकारले जाई, पण मधेच आवाजाला भेग पडे आणि उरलेले नाव वाऱ्यासारखे बाहेर येई. वकील हसत. पक्षकार आपले नाव न ओळखून आवारातच बसून राहत. काही दिवसांनी पट्टेवाला माझ्या टेबलाशी आला. ठाण्याच्या सरकारी दवाखान्यात जाऊन आला होता. आवाजाच्या पडद्यावर गाठ आली होती. डॉक्टरांनी बजावले होते, की काही महिने हळू बोलायचे, पुकारा करायचा नाही, आणि उंच सूर तर लावायचाच नाही. लावला, तर आवाज जाईल आणि परत येणार नाही.

मी त्याला पुकाऱ्याच्या कामातून तात्पुरती सूट मिळावी, असा अर्ज लिहून दिला. तो मंजूर झाला. पुकारा दुसऱ्याकडे गेला, आणि हा दारात उभा राहून पक्षकारांना हाताने आत बोलावू लागला.

"आणि मास्तरांना कळवलंस का?" मी विचारले.

तो हसला. "मास्तरांना काय कळवायचं, भाऊ? त्यांना कळलंय. परवा तालमीत माझ्या गळ्यावर असा हात ठेवला." त्याने दोन बोटे कंठावर ठेवून दाखवली. "म्हणाले, आहे अजून."

त्या दोन बोटांचे मला काही बरे वाटले नाही. मी म्हणालो, "गाणं सोड काही दिवस."

"कोर्टात दिवसभर मी लोकांची नावं घेत होतो, भाऊ. तेही आता काढून घेतलं. मग माझ्याकडे काय राहिलं, सांगा ना?"

पुढच्याच महिन्यात सामना ठरला. कल्याणकडची एक पार्टी येणार होती. तिचा गायक तरुण होता, आणि त्याने काळी पाचवर स्वतःच्या गळ्याने गाऊन दोन-तीन जुन्या मास्तरांना मंचावरून उतरवले होते. रात्रीच्या कार्यक्रमांना तेव्हा पोलीस परवानगी देत नव्हते. दुपारी सुरू करून दिवस मावळायच्या आत संपवू, अशी हमी देणारा अर्ज मी मंडळाला लिहून दिला, तेव्हा शुक्रवारची दुपार मिळाली. पट्टेवाल्याने अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

त्याआधीच्या शुक्रवारी आम्हा तिघांत प्रथमच वाद झाला नाही. पट्टेवाल्याला गाऊ द्यायचे नाही, यावर जॉबर आणि दुकानदार यांचे एकमत झाले. मास्तरांना काय म्हणावे, एवढाच प्रश्न उरला.

"मी जाऊन सांगतो, पोरगा मरंल, सोड त्याला," जॉबर म्हणाला.

"तू गेलास तर मास्तर मुद्दाम त्याला दोनदा चढवील," दुकानदार म्हणाला. "त्याला मान दिला पाहिजे. मानानं विचारलं की तो पाणी होतो. मुन्शी, तुम्ही लिहा. रसिकांच्या वतीनं. एकदम खानदानी भाषा."

मी लिहिले. मजकूर मला अजून पाठ आहे. "आपल्या कलेचे आम्ही सर्व ऋणी आहोत. आपले साथीदार यांस वैद्यकीय सल्ल्यानुसार उंच स्वर वर्ज्य असल्याने, आजच्या सामन्यात त्यांस त्या कामातून मुभा देऊन त्यांच्या आवाजाचे रक्षण करावे, ही नम्र विनंती." कार्यक्रमाआधी कागद मास्तरांच्या हातात द्यावा, असे ठरले.

परंतु मास्तरांचा टेम्पो उशिरा आला. ते उतरले ते थेट मंचावर गेले. कार्यक्रमाआधी ते कोणाशी बोलत नसत. समोरची पार्टी तबला-पेटी जुळवून बसली होती. मंडपाबाहेर पोलिसांची गाडी उभी होती, आणि तिच्यातला हवालदार सारखा घड्याळाकडे पाहत होता. आमचा पट्टेवाला आपल्या जागेवर जाऊन बसला. त्याने गळ्याला रुमाल बांधला होता. सगळीकडच्या लूमचा आवाज बंद असल्याने लाऊडस्पीकरमधून नुसती हवा वाहिल्यासारखी शीळ ऐकू येत होती.

"आता कसं करायचं?" मी विचारले.

"थांबा," दुकानदार म्हणाला. तो कागद घेऊन मंचाकडे गेला आणि गर्दीत दिसेनासा झाला.

आमच्याकडच्या कार्यक्रमात रीत अशी, की रसिकाने फर्माईशीची चिठ्ठी नोट लावून मंचावर पाठवावी, आणि निवेदकाने ती मोठ्याने वाचावी. नोट नसलेली चिठ्ठी निवेदकाच्या खिशात राहते. आमची विनंती अशी खिशात राहू नये, म्हणून दुकानदाराने तिला नोट टाचली होती. पहिला सवाल झाला, त्याचा जवाब झाला, आणि निवेदकाने चिठ्ठ्यांचा गठ्ठा हातात घेतला. दोन फर्माईशी झाल्या. मग त्याच गाणाऱ्या सुरात, एकेका शब्दावर हेल काढीत, तो माझा मजकूर वाचू लागला. "साथीदार यांस वैद्यकीय सल्ल्यानुसार" येथे त्याच्या लक्षात आले. पण हजारभर माणसांपुढे वाचायला घेतलेले सोडता येईना. त्याने शेवटपर्यंत वाचले.

 मग समोरच्या पार्टीच्या गायकाने माईक तोंडाशी घेतला.

"मास्तर, आम्हाला वाटलं गळा तुमचा आहे. तो तर तुमच्या मागं बसतो! आणि आजारी पण आहे!"

हशा झाला. कोणीतरी शिटी मारली. एकजण ओरडला, "अँब्युलन्स बोलवा रे!" पट्टेवाल्याने मान खाली घातली नाही. तो गर्दीत कोणाला तरी शोधत होता. त्याची नजर आमच्यावरून गेली आणि पुन्हा मागे आली.

मास्तरांनी पेटीचा भाता बंद केला. ते चिडतील, असे मला वाटले होते. त्यांनी अत्यंत शांतपणे माईक घेतला. "रसिकांची विनंती म्हणजे मला हुकूम." मग मागे वळून, अगदी प्रेमळ स्वरात, पण माईक तोंडापासून दूर न करता ते म्हणाले, "ऊठ बाळा. डॉक्टरांचं ऐकावं. ती बघ खाली खुर्ची आहे. जा, बस तिथं. मी एकटा गातो."

त्यांनी त्याला मोकळे केले होते. हजार माणसे साक्षीला होती. पुढे दुकानदार हेच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत राहिला, आणि ते वाक्य बोलले गेले, हे मीही नाकारू शकत नाही.

पट्टेवाला उठला नाही. त्याने गळ्याचा रुमाल सोडला, घडी करून मांडीखाली ठेवला आणि मान हलवली.

"बघा," मास्तर लोकांना म्हणाले, "जात नाही."

त्यानंतर त्यांनी जे केले, त्याचा अर्थ लावणे मला आजही जमलेले नाही. ते दोन कडवी काळी चारवरच गायले. सावकाश आणि खालच्या अंगाने गायले. पट्टेवाला नुसती साथ करीत होता, आणि त्याचा आवाज टिकत होता. मला वाटले, निभावले, मास्तरांनी ओळखले. पण समोरचा गायक हाताने, "वर या ना, वर," अशी खूण करीत हसत होता, आणि मागच्या बाजूने कोणीतरी ओरडले, "चढवा!" एक ओरडला, मग दहा, मग पन्नास. मास्तरांनी लोकांकडे बराच वेळ पाहिले. जणू ते आमच्याकडून काही लिहून घेत होते, आणि खाली सही आमची होती. मग त्यांनी ढोलकीवाल्याकडे वळून मान हलवली.

ढोलकी बदलली. सूर वर गेला. मास्तरांनी ओळीचा पहिला तुकडा म्हटला आणि तोंड उघडे ठेवले. पट्टेवाल्याने डोळे मिटून मान वर केली. मंडपात एकच गर्जना उठली, माणसे खुर्च्यांवर चढली, टोप्या उडाल्या. गर्जना ओसरली तेव्हा त्याचे तोंड उघडेच होते आणि त्यातून काही येत नव्हते. त्याने मुद्दाम सोडले, असे समजून लोक टाळ्या वाजवीत राहिले. समोरच्या गायकाने उठून मास्तरांच्या पायाला हात लावला. सामना जिंकला होता.

आवाज गेला तो गेलाच. दवाखान्यात सांगितले की आता उपाय नाही. कोर्टाने त्याला रेकॉर्ड रूममध्ये घेतले. तिथे बोलावे लागत नाही. त्याला कुजबुजण्याइतके बोलता येई, तेही समोरच्याने कान जवळ नेला तर.

आमच्या शुक्रवारच्या बैठकीत मात्र आवाज चढले.

"मारलान त्याला. सर्वांच्या देखत मारलान."

"जा म्हणाला होता! मी पहिल्या रांगेत होतो, माझ्या कानांनी ऐकलंय."

"असा जा म्हनतात? दार उघडायचा आनि दारात हजार मानसं उभी करायची?"

"ती माणसं त्यानं नाही आणली. तुझ्यामाझ्यासारखीच आली होती."

जॉबरने त्यावर चहाचा कप तोंडाला लावला. लूमवर आयुष्य घालवून त्याला कमी ऐकू येई. त्याने ऐकले नाही की ऐकून न ऐकल्यासारखे केले, ते मला समजले नाही.

काही दिवसांनी मास्तरांचा निरोप आला. पट्टेवाल्याने पुन्हा मंचावर येऊन बसावे. गायचे काही नाही. आपल्या जागेवर, उलट मास्तरांच्या शेजारी, शाल पांघरून बसायचे. प्रत्येक कार्यक्रमात मास्तर त्याचे नाव घेऊन लोकांना सांगतील, की हा माझ्यासाठी गळा देणारा. बिदागी पूर्वीचीच.

"आवाज व्हता तवा नाव न्हाय घेतलान!" जॉबरने कॅसेटच्या काउंटरवर मूठ आपटली. "मुका झाला तवा घेतो! फोटूला हार घालावा तसा बसवनार त्याला."

आश्चर्य म्हणजे दुकानदारही म्हणाला, "नको जायला. मला पण बरोबर वाटत नाही हे." मीही तेच मत दिले. पट्टेवाल्याने तिथे बसू नये. बसला, तर तो कायमचा तिथलाच होईल, आणि पुढे कोरसला बसणारा प्रत्येक माणूस त्याच्याकडे पाहून आपला गळा देऊन टाकील. त्याने अजून होकार दिलेला नव्हता. आम्ही ठरवले की त्याला समजावू.

त्याला बोलवावे लागले नाही. पुढच्या शुक्रवारी तो स्वतःच दुकानात आला. बसला. चहा नको, अशी खूण केली. जॉबर त्याच्याजवळ सरकला. "हे बघ, भावा, तू तिकडं जाऊ नको. आमी तुज्या संगं हावत. तुज्यासाटी काय पन करू."

पट्टेवाल्याने हाताने त्याला थांबवले आणि दुकानदाराला काहीतरी म्हटले. दुकानदाराने कान जवळ नेला. सामन्याच्या दिवशी दुकानदाराने लाऊडस्पीकरच्या खांबाला टेपरेकॉर्डर बांधून सगळा कार्यक्रम टेप केला होता. ती कॅसेट त्याला ऐकायची होती.

दुकानदार माझ्याकडे पाहू लागला. मी मान हलवली. माणसाला स्वतःचे शेवटचे गाणे ऐकण्याचा हक्क आहे, असे माझे मत पडले. कॅसेट लावली. खालच्या अंगाची दोन कडवी झाली. मग "चढवा" सुरू झाले. ढोलकी बदलल्याची थाप ऐकू आली. मास्तरांचा तुकडा आला. आणि त्यानंतर टेपवर होती ती फक्त आमची गर्जना. त्या गर्जनेत, अगदी खांबाशेजारून, जॉबरचा आवाज स्वच्छ ओळखू येत होता, "चढवा मास्तर! चढवा!"

जॉबर उठून दारात गेला आणि बाहेर पाहत उभा राहिला.

पट्टेवाल्याने बोट फिरवून खूण केली. दुकानदाराने टेप मागे घेतली. पुन्हा गर्जना. पुन्हा मागे घेतली. पट्टेवाला स्पीकरच्या जाळीला कान लावून बसला होता. कोणाचा आवाज कोणता, याच्याशी त्याला काही देणेघेणे दिसत नव्हते. शेवटी त्याने मान वर केली, आम्ही दोघे जवळ वाकलो, आणि तो कुजबुजला, "सूर लागला होता का?"

"लागला होता ना! एकदम लागला होता, क्या बात, अरे..." दुकानदार घाईने म्हणाला.

त्याने ते पुरते ऐकलेही नाही. माझ्याकडे वळला. "भाऊ, तुम्ही सांगा. मला स्वतःला कळलं नाही. डोक्यात नुसता आवाज भरला होता."

मी आयुष्यभर लोकांची प्रतिज्ञापत्रे लिहिली आहेत. स्वतःच्या माहितीप्रमाणे खरे, या शब्दांखाली माणसाने काय लिहावे आणि काय लिहू नये, हे मी रोज सांगतो. मी म्हणालो, "मला ऐकू आला नाही. त्या ओरड्यात कोणालाच आला नसेल."

त्याने मान डोलावली. राग दिसला नाही.  मग उठला, माझ्या कानाशी तोंड आणले आणि म्हणाला, "मास्तरांना आला असेल. ते अगदी पुढ्यातच होते."

जॉबरने दारात त्याचा दंड धरला. "कुठं चाललास? अरं, थांब!" पट्टेवाल्याने त्याचा हात हळूच सोडवला, त्याच्या पाठीवर थोपटल्यासारखे केले, आणि बंद लूमच्या गल्लीतून मास्तरांच्या घराच्या दिशेने चालू लागला. त्या शांततेत त्याच्या चपलांचा आवाज बराच वेळ ऐकू येत होता.

मास्तरांनी त्याला काय उत्तर दिले, ते आम्हाला कधीच कळले नाही. पुढच्या कार्यक्रमात तो त्यांच्या शेजारी शाल पांघरून बसला होता, आणि मागच्या जागेवर एक नवा आवाज आणलेला होता.